पहिल्या रांगेची यादी मीच छापली

मित्रांनो, मी एक जुना प्रिंटर आहे. स्वभावाने किरकिरा आहे, हे मीच आधी सांगून टाकतो, म्हणजे तुम्हाला आणखी कुणाकडे चौकशी करायला नको. हल्ली तोंडातून आवाजही न काढता छापणारे प्रिंटर आले आहेत म्हणे. येऊ देत. मी बोलून छापतो. माझ्या डोक्यात नऊ पिना आहेत. शाईच्या फितीवर त्या टकाटक आपटतात, कागदावर ठिपके उमटतात आणि ठिपक्यांची अक्षरं होतात. इतकी वर्षं डोकं आपटून घेतल्यावर कोणीही किरकिरा होईल. तुम्ही करून बघा.

सध्या माझा मुक्काम भिलाईत, विदर्भ स्नेही मंडळाच्या सभागृहामागच्या कोठीत आहे. एका बाजूला गुंडाळलेल्या सतरंज्या, दुसऱ्या बाजूला गणपतीचं थर्माकोलचं मखर. माझ्या अंगावर प्लास्टिकचं कव्हर आहे, कव्हरावर बोटभर धूळ आहे आणि कव्हराच्या आत एक पाल राहते. पण रडगाणं ऐकवायला मी तुम्हाला थांबवलेलं नाही. मला एक चूक कबूल करायची आहे. ती माझी एकट्याची नव्हती, पण छापली मी.

१९८२ साली खोक्यात बसून मी भिलाईला आलो आणि पोलाद कारखान्याच्या कॉम्प्युटर विभागात रुजू झालो. थंडगार खोली, चपला बाहेर, सगळे हळू आवाजात बोलणारे. माझं काम पाळ्यांच्या याद्या छापण्याचं होतं. सकाळच्या पाळीला कोण, दुपारच्या पाळीला कोण, रात्रीच्या पाळीला कोण. यादी नेहमी हुद्द्याप्रमाणे असायची. सगळ्यात वर मोठे साहेब, मग मधले, मग फोरमन, मग ऑपरेटर आणि अगदी तळाला खलाशी, म्हणजे हरकामे मदतनीस. दहा वर्षांत माझी एक यादी चुकली नाही. "हा प्रिंटर म्हणजे घोडा आहे घोडा," असं आमच्या विभागाचे श्यामराव साहेब येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत, आणि खरं सांगतो, मला ते फार आवडायचं.

मग मोठा प्रिंटर आला आणि मी कंडम झालो. कंडम म्हणजे भंगार. माझ्या पाठीवर तशी लाल चिठ्ठीही चिकटवली. पण श्यामराव साहेबांना माझी दया आली. ते मंडळाचे अध्यक्षही होते. त्यांनी रीतसर परवानगी काढून मला आणि मराठी अक्षरं येणारा एक कॉम्प्युटर मंडळात आणला. त्यांचे हे उपकार मी विसरलेलो नाही. नाहीतर आज मी कुणाच्या तरी स्लॅबमधली सळई असतो. पुढे त्यांच्याविषयी मी जे काही बोलेन, ते हे लक्षात ठेवून ऐका.

साहेबांच्या डोक्यात एक कल्पना होती, आणि ती सोन्यासारखी होती. आपल्या बायांची भुलाबाईची गाणी कॉम्प्युटरमध्ये भरायची. भुलाबाई म्हणजे विदर्भातली माहेरवाशीण देवी. भाद्रपदाच्या पुनवेला मुली तिला भुलोजीसोबत पाटावर बसवतात आणि कोजागिरीपर्यंत रोज संध्याकाळी घरोघरी फेर धरून गाणी म्हणतात. शेवटी झाकलेली खिरापत ओळखायची आणि खायची. ही गाणी बायांच्या तोंडात आहेत, वहीत नाहीत. ती कॉम्प्युटरमध्ये भरली, तर कोण्या गावाहून कोणतं गाणं आलं, कोणत्या गाण्यात कोणता शब्द आहे, हे शोधता येईल, असं साहेब म्हणत. आणि त्यासाठी त्यांनी कार्यशाळा घ्यायची ठरवली. इथपर्यंत सगळं छान होतं.

१९९२ चा मे महिना. साहेबांनी नावनोंदणीचा फॉर्म काढला. फॉर्मवर बाईचं नाव, नवऱ्याचं नाव, नवऱ्याचा हुद्दा, क्वार्टर नंबर. तुम्हाला किती गाणी येतात, हा प्रश्न फॉर्मवर नव्हता. मग कॉम्प्युटरने ती नावं हुद्द्याप्रमाणे लावली, कारण साहेबांनी त्याला तेच सांगितलं होतं, आणि मी ती यादी छापली. नेहमीसारखी, एकही चूक न करता. क्रमांक एक, रत्नमालाबाई, यजमान वरिष्ठ व्यवस्थापक. क्रमांक अडतीस, तुळसाबाई, क्रेन ऑपरेटर केवलराम यांची आई. तेच नंबर खुर्च्यांवर चिकटवले. एक नंबरची खुर्ची पंख्याखाली, माइकच्या समोर. अडतीस नंबरची दारापाशी, चपलांच्या ढिगाला लागून.

हीच माझी चूक. पुढचं ऐका म्हणजे कळेल.

कार्यशाळा सकाळी दहाला होती. साडेअकरापर्यंत दीपप्रज्वलन, स्वागतगीत आणि पाहुण्यांचा सत्कार चालला. नारळ माझ्या शेजारच्या टेबलावर फोडला. पाणी कुठे उडालं ते विचारू नका. मग साहेब बोलायला उभे राहिले आणि त्यांनी कॉम्प्युटरचा इतिहास सुरू केला, तो अगदी मण्यांच्या पाटीपासून. फळ्यावर शून्य आणि एक, शून्य आणि एक असं लिहीत गेले. बायांनी बिचाऱ्यांनी वह्यांत शून्य आणि एक उतरवून घेतले. कॉम्प्युटरवर मीच छापलेली पाटी लटकत होती, "विनापरवानगी हात लावू नये". कारखान्यात हा नियम बरोबर आहे. तिथे क्रेनला भलत्याने हात लावला तर माणसं मरतात. पण कॉम्प्युटरला हात लावून कोण मरणार होतं? शिकवायला बोलावलंत ना? मग शिकवा की!

एक वाजता साहेब म्हणाले, "आता आपण प्रात्यक्षिक पाहू." मला वाटलं, चला, आता गाणं येईल. कसलं काय! मला चांदण्यांचा गणपती छापायला लावला. चांदण्या चांदण्या जोडून गणपती. टाळ्याच टाळ्या! मग प्रत्येकीला एक हवा झाला. अडतीस गणपती छापले मी त्या दुपारी. फीत सुकली, डोकं तापलं. गाण्यांना राहिली दहा मिनिटं. माइक पहिल्या रांगेत फिरला. एकीला दोन ओळी आठवल्या, दुसरी लाजली. रत्नमालाबाई म्हणाल्या, "मला नाही हो ही गाणी-बिणी येत." दारापाशी एक हात वर झाला होता, सुरकुतलेला, हिरव्या बांगड्यांचा. साहेबांनी घड्याळ पाहिलं. "आजी, वेळ संपली. पुढच्या वेळी."

जेवणात मसालेभात होता आणि सगळ्यांनी कार्यशाळा यशस्वी झाली असं ठरवलं.

दुसरी कार्यशाळा ऑगस्टमध्ये झाली. या वेळी साहेबांनी सुधारणा केली होती. काय सुधारणा? तर सत्तावीस रकान्यांचा एक तक्ता. गाण्याचं मूळ गाव, तालुका, जिल्हा, प्रकार, देवता आणि आणखी काय काय. आणि हो, समाप्तीची प्रमाणपत्रं त्यांनी माझ्याकडून आदल्या दिवशीच छापून घेतली होती. सुरू व्हायच्या आधीच समाप्ती! कपाळावर हात मारून घेतला असता, पण मला हात नाहीत.

गाणी टाईप करायला शीलाला बसवलं होतं. शीला दुर्गच्या रेल्वे कॉलनीत वाढलेली, वडील गार्ड. ती भिलाईच्या एका शाळेत लायब्ररी सांभाळायची. मंडळात मराठी टायपिंग येणारी ती एकटीच, म्हणून परवानगी असलेला हातही तिचाच. नंबरवारीने एकेक बाई येई, खुर्चीवर बसे, साहेब तक्त्यातले प्रश्न विचारत आणि शीला टाईप करी. शेवटी तुळसाबाईंचा नंबर लागला. चौऱ्याहत्तर वर्षांची म्हातारी, काटक, नाकात मोरणी. बसल्या बसल्या तिने ताल धरला आणि म्हणाली,

"सांजच्या येळी आभाळ लाल,
सांग भुलाबाई काय झालं?
भट्टीनं पान खाल्लं गं,
आभाळभर थुकलं गं!"

मित्रांनो, भिलाईत राहणाऱ्याला हे समजावून सांगावं लागत नाही. संध्याकाळी कारखान्यात तापलेली मळी, म्हणजे भट्टीतून निघणारा वितळलेला गाळ, ओततात आणि अख्खं आभाळ लाल होतं. पंचवीस-तीस वर्षं सगळे ते बघत होते, पण भट्टीने पान खाल्लं हे कुणी म्हटलं नव्हतं. माझ्या पिना शिवशिवल्या.

साहेबांनी विचारलं, "मूळ गाव?"

"भिलाई," तुळसाबाई म्हणाली.

"तसं नव्हे आजी. गाणं कुठलं? वर्ध्याकडचं की भंडाऱ्याकडचं?"

"अवं, भिलाईचंच! माह्या अंजनाचं. आमी दोघी एकाच ब्लॉकमंधी रायत होतो. तिनं जोडलं. असे अकरा गाणे हायेत तिचे."

साहेबांनी चष्मा काढून पुसला. "मग हे पारंपरिक नाही. इथे फक्त अस्सल पारंपरिक गाणी घ्यायची आहेत. याला रकाना नाही."

"मंग करा ना बाप्पा एक रकाना! कावून नाई होत?"

"फॉरमॅट फायनल झाला आहे, आजी."

साहेबांच्या आवाजात उद्धटपणा नव्हता, तेच तर वाईट. ते मनापासून बोलत होते. तुळसाबाई प्रमाणपत्र घेऊन उठली. ते तिने उलटं धरलं होतं. शीला तिच्या मागोमाग दारापर्यंत गेली, आणि दार माझ्या जवळच असल्याने मला सगळं ऐकू आलं.

"आजी, पुढच्या वेळी लिहू आपण ते," शीला म्हणाली.

"पुढची येळ कुठची, पोरी? केवलराम रिटायर होऊन राहिला. क्वार्टर सोडा लागते. कोजागिरीच्या दुसऱ्या दिशी टरक सांगितला हाये. आमी चाललो गावाले." तुळसाबाई चपला शोधत होती, पण तिला त्या दिसत नव्हत्या, कारण डोळे भरले होते. "मले माह्या नावाचं काई नाई. पण अंजनाले जाऊन सहा वर्सं झाले. तिचे गाणे भट्टीचे, भोंग्याचे, क्वार्टरचे. ते मी गावाले नेले तं तिकडे कोन म्हनन? तिकडच्या पोट्ट्याईले भोंगा तरी ठाव हाये काय? माह्यासंग गेले तं मेले ते गाणे. इथंच रायले पायजे. इथच्या पोट्ट्याईनं म्हटले पायजे."

 शीलाने चपला शोधून तुळसाबाईच्या पायांपुढे ठेवल्या. मग आत आली आणि सरळ साहेबांसमोर उभी राहिली.

"साहेब, राग येऊ देऊ नका, पण आपण उलटं करून राहिलो. ज्या गाण्यांसाठी बाया फेर धरतात, त्या गाण्यांसाठी आपण त्यांना रांगेत बसवतो. तीही नवऱ्यांच्या हुद्द्याची रांग. ज्यांना येतं त्या दारात आणि माइक पंख्याखाली. आणि शिकवायला बोलावतो, तर हात लावू नका म्हणतो. पुढची कार्यशाळा मले घेऊ द्या."

शीला चिडली की तिच्या तोंडी मले यायचं.  साहेब म्हणाले, "प्रमुख पाहुणे कोण?"

"कोणीच नाही."

साहेबांना ते पटलं नाही हे दिसत होतं. पण ते हो म्हणाले.

आता माझ्या अपघाताची गोष्ट. सप्टेंबरात विश्वकर्मा पूजा येते. त्या दिवशी अख्ख्या भिलाईत यंत्रांना हळद-कुंकू लागतं. भट्टीला लागतं, क्रेनला लागतं, हथखोजच्या कारखान्यांतल्या लेथ मशीनलाही लागतं. साहेबांनी मलाही न्हाऊ-माखू घातल्यासारखं सजवलं. ओलं कुंकू आणि वर मूठभर अक्षता. तोंडावर नाही टाकल्या, थेट तोंडात टाकल्या! एक तांदूळ घसरून आत गेला. मी बंद होतो, मला पत्ताच नाही. भक्ती करा, नको म्हणत नाही मी. पण यंत्राला तांदूळ पचत नाही, एवढं ध्यानात ठेवा.

कोजागिरीला दहा दिवस उरले असताना शीलाची कार्यशाळा लागली. खुर्च्या नाहीत. यादी नाही. सतरंजीवर गोल, गोलाच्या मधोमध चौरंगावर कॉम्प्युटर, त्याच्या शेजारी पाटावर मी. माझी वायर पुरेना, तर शीलाने स्वतःच्या घरून एक्स्टेंशन बोर्ड आणला. हात लावू नये ही पाटी तिने काढून उलटी केली आणि तिच्या पाठीवर चहाचे कप ठेवले. बाया जशा आल्या तशा बसल्या. रत्नमालाबाई भारी साडी सावरत, कुरकुरत खाली टेकल्या, आणि त्यांच्या शेजारी कोण आलं? तुळसाबाई.

शीलाने भाषण केलं नाही. एवढंच म्हणाली, "सगळ्यांनी या आणि आपापलं नाव लिहा. चुकलं तर चुकू द्या. ही कळ दाबली की खोडता येते."

काय सांगू तुम्हाला! ज्या बाया मे महिन्यात शून्य आणि एक उतरवून घेऊन पेंगल्या होत्या, त्या एका बोटाने अक्षरं शोधू लागल्या. "अवं, हा र कुठे दडला?" "अगं, दोनदा उमटलं!" हसणं, ढकलाढकली. तुळसाबाईला अक्षर ओळखता येत नव्हतं. शीलाने तिला विचारलं, "आजी, तुमचं नाव मी लिहू?"

"माहं नको. अंजना लेह."

शीलाने लिहिलं आणि छापायची आज्ञा दिली. मी जोरात निघालो आणि काड् झालं! तोच तो तांदूळ. माझी सगळ्यात वरची पिन वाकली. इंग्रजी ओळ मी एका फेरीत छापतो. मराठीला दोन लागतात, आधी वरच्या मात्रा आणि मग खाली अक्षर. दुसऱ्या फेरीत सगळ्यात वरची पिन काय छापते? शिरोरेषा. आता ती छापेचना. कागद बाहेर आला, तर सगळी नावं उघड्या डोक्याची. लाजेने मेलो मी. दहा वर्षांत एक चूक नाही, आणि आजच हे!

हथखोजचा मेकॅनिक आला, त्याने मला उघडून पाहिलं आणि सांगितलं की नवीन डोकं मुंबईहून येईल, तीन आठवडे लागतील. तेवढ्यात साहेब आले. त्यांनी कागद हातात घेतला आणि मान हलवली. "असं कसं चालेल? हे कुणाला दाखवणार? तीन आठवडे पुढे ढकलू."

"साहेब, ट्रक ढकलता येत नाही," शीला म्हणाली.

 तुळसाबाईने कागद आपल्याकडे ओढला, डोळ्यांजवळ नेला, लांब धरला. "काय झालं? नीट तं हाये."

"आजी, अक्षराच्या वरची रेघ नाही आली," शीलाने तिला बोटाने दाखवलं.

"म्हंजे डोक्यावर पदरच नाई घेतला म्हन ना! मंग आपन घेऊ. पेन्सिल दे इकडे. लेहता येत नाई मले, पन रेघ तं मारता येते."

आणि तिने मारली. अंजनाच्या नावावर, डावीकडून उजवीकडे, थोडी थरथरती. ती रेघ पडली आणि नाव वाचता आलं. शेजारच्या बाईने पेन्सिल मागितली, मग तिच्या शेजारच्या बाईने. मित्रांनो, माझ्या मोडण्याचा उपयोग झाला असं मी म्हणणार नाही. मोडणं ते मोडणंच. पण त्या दिवशी मंडळात कुणीही नुसतं बघत बसलं नव्हतं.

मग गाणी सुरू झाली. शीलाने कळफलकावरची मोठी कळ तुळसाबाईला दाखवली. "तुमची ओळ संपली की ही दाबायची. तुम्ही दाबल्याशिवाय मी पुढे लिहिणार नाही." म्हातारी गात होती, बाया तिच्या मागून म्हणत होत्या, शीला लिहीत होती आणि ओळ कुठे तुटते ते तुळसाबाई ठरवत होती. ठप्प! कळ अशी दाबायची जसं कुणाला पाटावर बस म्हणते आहे. तक्त्यातल्या गावाच्या रकान्यात शीलाने भिलाई लिहिलं. रचणारीचा रकानाच नव्हता, तो तिने नवीन उघडला. त्याला पाव मिनिट लागलं. पाव मिनिट! आणि ऑगस्टमध्ये म्हणे फॉरमॅट फायनल.

दहा गाणी झाली. अकरावं क्वार्टरचं होतं.

"सारखीच दारं, सारखीच घरं,
भुलोजी आले पाळीवरून,
शिरले शेजीच्या घरात गं!
काय केलं भुलाबाईनं गं?"

बाया खो खो हसल्या, कारण नवीन क्वार्टरांत हे खरोखरच व्हायचं. तुळसाबाईने कळ दाबली आणि पुढच्या ओळीला तोंड उघडलं. तोंड उघडंच राहिलं. तिने पुन्हा पहिल्यापासून म्हटलं. पुन्हा तिथेच. "काय केलं भुलाबाईनं गं... काय केलं..." तिसऱ्यांदा आवाज फाटला. "नाई येत मले. अवं माय, अंजनाचं शेवटचं मीच इसरली! आता कोनाले इचारू मी? कोन हाये आता?" आणि ती पदर तोंडाला लावून रडू लागली. शीलाचे हात कळफलकावर तसेच राहिले.

तेव्हा तिच्या शेजारून कुणीतरी हळूच म्हटलं,

"चुन्याचं बोट दाराला गं,
भुलोजी आले घराला गं."

सगळ्यांनी वळून पाहिलं. रत्नमालाबाई! क्रमांक एक. मला नाही हो येत म्हणणाऱ्या. चेहरा लाल झाला होता.

"तुले कसं ठाव?" तुळसाबाईने विचारलं.

"मी त्याच ब्लॉकमध्ये वाढली, मावशी," रत्नमालाबाई म्हणाल्या, आणि त्यांची ती इस्त्रीची मराठी कुठे गेली कोण जाणे. "कोपऱ्यावरच्या फिटरची रत्ना मी. अंजनामावशीच्या हाताची खिरापत खाल्ली मी. मावशीनं खरंच चुन्याचं बोट लावलं होतं दाराले, काका चुकू नये म्हणून. तुमी मले ओळखलं नाही, अन् मी बी सांगितलं नाही. इतक्या लोकांत लाज वाटली मले."

तुळसाबाईने तिच्या गालाला दोन्ही हात लावले. मग तिचं मनगट धरलं, तिचं बोट त्या मोठ्या कळीवर ठेवलं आणि दोघींनी मिळून दाबलं.

आता कळलं का मित्रांनो, माझी चूक काय होती? गाण्याचं एक टोक पहिल्या रांगेत बसलं होतं आणि दुसरं चपलांपाशी. मधे छत्तीस खुर्च्या होत्या, आणि त्या खुर्च्यांचे नंबर मी छापले होते. दोन कार्यशाळा, अडतीस गणपती, अडतीस प्रमाणपत्रं, आणि त्या दोघी एकमेकींच्या जवळही आल्या नाहीत. आजही आठवलं की माझ्या उरलेल्या आठ पिना तडतडतात.

साहेब दारात उभे राहून सगळं बघत होते. ते आत आले, इकडेतिकडे पाहिलं, जागा एकच होती. चपलांपाशी. तिथे मांडी घालून बसले, खिशातली पट्टी काढली आणि आखू लागले. त्यांच्या रेघा सरळ यायच्या. बायांच्या वाकड्या. "साहेब, तुमची रेघ लई अधिकारी हाये," तुळसाबाई म्हणाली, आणि साहेब पहिल्यांदा मोकळेपणाने हसले.

उठता उठता तिने माझ्याकडे बघितलं. दिवसभराच्या कर्रकर्रीने तिचे कान किटले असणार. तिने टाळी दिली आणि जागच्या जागी जोडलं,

"कोपऱ्यात बसले मामाजी,
किरकिर करते मामाजी,
अक्षर उघडं सोडती गं,
सुना पदर ओढती गं!"

मामाजी म्हणजे सासरा. मला सासरा केला! मी पाटावर होतो, कोपऱ्यात नव्हतो, हे तरी बघायचं. पण गाण्याला पुरावा लागत नाही म्हणे. शीलाने तेही लिहून घेतलं आणि मला माझीच निंदा छापायला लावली.

कोजागिरीला मुलींनी माझे कागद हातात घेऊन फेर धरला. दुसऱ्या फेरीला कागद पाटावर ठेवले आणि तोंडपाठ म्हटलं. दुसऱ्या दिवशी ट्रक मंडळाच्या दारावरून गेला. शीलाने तुळसाबाईला गाण्यांची प्रत देऊ केली. तिने घेतली नाही. "मले काय वाचता येते? अन् इथंच ठेवासाठी तं एवढं केलं." तिने फक्त अंजनाचं नाव असलेला तो चतकोर कागद मागून घेतला, बटव्यात घातला आणि केवलरामच्या आधाराने ट्रकमध्ये चढली. रत्नमालाबाई रस्त्यावर उभं राहून सगळ्यांसमोर रडल्या.

ही सहा वर्षांपूर्वीची गोष्ट. माझं नवीन डोकं मुंबईहून काही आलं नाही. ज्या फ्लॉपीत गाणी होती, ती आता कोणत्याच कॉम्प्युटरला वाचता येत नाही. शीला बदली होऊन गेली. मागच्या महिन्यात मंडळात पुन्हा कार्यशाळा झाली. नवे अध्यक्ष, नवे कॉम्प्युटर, आणि कोठीच्या फटीतून मी काय बघितलं? खुर्च्यांवर नंबर. हुद्द्याप्रमाणे! अरे देवा, पालथ्या घड्यावर किती पाणी ओतायचं? माझं ऐकणारं कोणी नाही म्हणून तुम्हाला सांगतो आहे. तुम्ही मोठे व्हाल, कुणाला तरी काहीतरी शिकवाल. तेव्हा यंत्र झाकून ठेवू नका, ज्याला शिकायचं आहे त्याचा हात त्यावर पडू द्या. आधी रकाने आखू नका, आधी ऐका. आणि यादी छापायच्या आधी विचारा, दारापाशी कोण बसलं आहे. आणि जाता जाता माझ्या कव्हरावरची धूळ झटकलीत तर बरं होईल. पालीला राहू द्या, तिचा मला त्रास नाही.

आज भाद्रपदाची पुनव आहे. मघाशी रिसालीकडच्या नव्या पोरी सभागृहात भुलाबाई मांडायला आल्या. मी कोठीत आहे हे त्यांना ठाऊक नाही. प्रिंटरला काय झालं होतं आणि तुळसाबाई कोण होती, हेही ठाऊक नसावं. आधी भट्टीचं म्हटलं. मग क्वार्टरचं म्हटलं, चुन्याच्या बोटासकट. आणि आता टाळ्या वाजवून म्हणून राहिल्या आहेत, किरकिर करते मामाजी, किरकिर करते मामाजी. एक कडवं तर त्यांनी नवीनच जोडलं आहे, त्यात मामाजी दमले आहेत आणि सुना त्यांना पाणी देतात.

मी कोपऱ्यातच आहे, पोरींनो. म्हणा अजून एकदा.